लहान ऑफिसात एकाच माणसाशी पटत नसेल तर काय करायचं, कुठून सुरुवात करायची

अंबड, सातपूर, शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर, कुठेही बघा, नाशिकमधली कितीतरी ऑफिसं सहा-आठ माणसांची असतात. एक शेठ किंवा सर, अकाउंटवाल्या ताई, सेल्स आणि डिस्पॅचला दोन-तीन पोरं, एक ऑफिस बॉय आणि एखादे काका जे ऑफिस उघडलं त्या दिवसापासून आहेत. एचआर नावाचा प्रकार नाही, दुसऱ्या डिपार्टमेंटला बदली मागायची सोय नाही, टेबलाला टेबल चिकटलेलं, आणि त्यात एकाशी पटेनासं झालं की अख्खा दिवस त्याच्या तोंडाकडे बघत काढायचा. मोठ्या कंपन्यांसाठीचे जे सल्ले असतात ते सगळे "एचआरला कळवा" इथपर्यंत येऊन थांबतात, आणि आपल्याकडे तर एचआर म्हणजे शेठच, आणि शेठ त्या काकांच्या मुलाच्या लग्नात पुढच्या रांगेत बसलेले.

मी अंबड साइडच्या ट्रेडिंग ऑफिसांमध्ये बॅक ऑफिस सांभाळत आलेय, क्वोटेशन, बिलिंग, डिस्पॅच, पेमेंट फॉलोअप सगळं, आणि मैत्रिणी-ओळखीच्यांचेही असले प्रश्न ऐकत आलेय. त्यातून माझं मत पक्कं झालंय, ते आधीच सांगते: समोरच्याचा स्वभाव बदलायच्या मागे लागू नका, तुमच्या दोघांच्या मध्ये जे काम अडकतं त्या कामाची मांडणी बदला. पन्नाशीतल्या माणसाचा स्वभाव तुमच्याकडून बदलणार नाही. पण लॉगिन दोघांकडे असणं, ऑर्डर लेखी येणं, कोणाचं काम कुठे संपतं हे ठरलेलं असणं, या गोष्टी आठवडाभरात बदलता येतात आणि बरीचशी भांडणं तिथेच निवतात.

आधी लिहून काढा, नेमकं कुठे अडतंय

"तो माणूसच तसला आहे" यावर काहीच करता येत नाही. म्हणून एक साधी वही घ्या किंवा स्वतःच्या फोनमध्ये लिहा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नको, तो सगळेच वापरतात. दोनेक आठवडे फक्त तारीख, काय झालं आणि कामाचं काय अडलं एवढंच लिहायचं. मनातलं लिहायचं नाही. "काकांनी मुद्दाम लपवलं" हे नको, त्याऐवजी "सिन्नरच्या पार्टीचा रेट सकाळी ११ ला मागितला, साडेचारला मिळाला, क्वोटेशन दुसऱ्या दिवशी गेलं, ऑर्डर दुसरीकडे गेली" असं लिहा. यात वाद घालायला जागाच राहत नाही, आणि उद्या शेठसमोर बसायची वेळ आली तर रडगाणं वाटत नाही.

मग एका निवांत दिवशी सगळं सलग वाचा. बहुतेक वेळा दिसतं की त्रास सगळीकडून होत नाहीये, दोन-तीन जागाच परत परत येतायत, रेट वेळेवर न मिळणं, शेवटच्या क्षणी काम अंगावर टाकणं, पार्टीसमोर चूक काढणं असं काहीतरी. या दोन-तीन जागांवरच आपल्याला काम करायचंय. वाचताना हेही प्रामाणिकपणे बघा की यात तुमच्या बाजूने काय होतंय, आणि ऑफिसातल्या एखाद्या शांत, कोणाच्याच गटात नसलेल्या माणसाला एकदा विचारा, "मी त्यांच्याशी बोलते तेव्हा कसं वाटतं हो तुम्हाला?" उत्तर आवडलं नाही तरी ऐकून घ्या, उपयोगी पडतं.

माणूस कुठल्या प्रकारचा आहे त्यावर उपाय ठरतो

आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटतो तो माहिती दाबून बसणारा. पार्टीचे नंबर त्याच्या डायरीत, ट्रान्सपोर्टवाले त्याच्याच ओळखीचे, ई-वे बिलाचा, म्हणजे माल पाठवताना ऑनलाइन काढायच्या जीएसटीच्या कागदाचा, पासवर्ड फक्त त्याला माहीत, आणि तो गावाला गेला की माल भरलेला टेम्पो गेटवर उभा. अशी माणसं बऱ्याचदा वाईट नसतात, घाबरलेली असतात. पंधरा-वीस वर्षं जे डोक्यात साठवलं तीच आपली नोकरी टिकण्याची गॅरंटी असं त्यांना वाटत असतं आणि टॅली-एक्सेल पटापट चालवणारं नवीन पोरगं आलं की ती भीती अजून वाढते. हे एकदा लक्षात आलं ना की आपली बोलायची भाषा आपोआप बदलते. "तुम्ही सांगत का नाही" याऐवजी "काका, या पार्टीची तुम्हाला जेवढी माहिती आहे तेवढी कोणालाच नाही, मला अर्धा तास द्या, मी सगळं एका शीटमध्ये टाकते आणि त्यावर तुमचं नाव ठेवते" असं बोललं तर बऱ्याचदा दार उघडतं. आणि नाव खरंच ठेवा, नुसतं बोलण्यापुरतं नको.

दुसरा काम ढकलणारा. पाच वाजले की "हे जरा बघ ना, मला नाशिकरोडला जायचंय". याच्याशी भांडायचं नाही, फक्त निवड त्याच्यावर टाकायची: "आता माझ्या हातात उद्याच्या डिस्पॅचची बिलं आहेत, तुमचं घेतलं तर ती सकाळी होतील, सरांना विचारून सांगा कुठलं आधी करू." नाही म्हटलं नाही, पण फुकटात होही म्हटलं नाही. बहुतेक वेळा सरांना विचारायला कोणी जात नाही.

तिसरा टोमणे मारणारा किंवा ओरडणारा, त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय. चौथा शेठचे कान भरणारा, त्याच्यावर उपाय एकच, तुमच्या कामाची माहिती शेठकडे तुमच्याकडूनच रोज गेली पाहिजे. संध्याकाळी निघताना चार ओळींचा मेसेज, आज काय झालं, काय राहिलं, का राहिलं. महिनाभर हे नेमाने केलं की दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीला जागाच कमी उरते.

समोरासमोर बोलणं, हे टाळू नका

जवळजवळ सगळेच हे टाळतात, सरळ शेठकडे जातात किंवा वर्षभर गप्प राहून एक दिवस फुटतात. पण आधी त्या माणसाशी एकट्याने बोललंच पाहिजे, कारण शेठ पहिला प्रश्न हाच विचारणार, "तू त्याच्याशी बोललीस का?"

वेळ नीट निवडा. टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात असाल तर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्न्स भरायच्या तारखांना, कोणालाच काही ऐकू येत नाही. द्राक्ष एक्सपोर्टच्या डॉक्युमेंटचं काम असेल तर जानेवारी ते एप्रिल नकोच, पिंपळगाव-दिंडोरीकडून कंटेनर निघतायत, फायटोचं (मालाला कीड-रोग नसल्याचं) सर्टिफिकेट यायचंय, न्हावा शेवा बंदरात कंटेनर पोहोचवायची शेवटची वेळ डोक्यावर आहे, अशा वेळी झालेलं भांडण त्या माणसाशी झालेलं नसतंच, ते सीझनशी झालेलं असतं. सीझन उतरला की बोला. भांडण झालं त्याच दिवशीही नको, एक रात्र जाऊ द्या, पण आठवडा उलटू देऊ नका.

जागाही महत्त्वाची. चहाच्या टपरीवर बोलायचा मोह होतो पण एमआयडीसीतल्या टपरीवर शेजारच्या चार युनिटची माणसं उभी असतात आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट शेठच्या कानावर वेगळ्याच रूपात पोहोचते. शेठ बँकेत गेलेले असताना ऑफिसातच, किंवा पार्टीकडे सोबत जाताना गाडीत, हे सगळ्यात चांगलं. गाडीत दोघांची नजर रस्त्यावर असते, त्यामुळे अवघड बोलणं जरा सोपं जातं.

काय बोलायचं? एक वेळी एकच विषय, आणि तोही वहीतला अगदी ताजा. साधारण असं:

"काका, एक कामाचं बोलायचं होतं. परवा सिन्नरच्या पार्टीचा रेट मला साडेचारला मिळाला, तोवर त्यांनी दुसरीकडून मागवलं होतं. मला पार्टीची आणि सरांची दोघांची बोलणी बसली. पुढच्या वेळी रेट दुपारी बारापर्यंत मिळेल असं काही करता येईल का? तुम्हाला कुठे अडचण येते ते सांगा, माझ्याकडून काही लागत असेल तर मी करते."

यात "तुम्ही नेहमी", "तुम्ही कधीच", "सगळे म्हणतात" हे शब्द नाहीत बघा. "सगळे म्हणतात" तर चुकूनही नको, त्या क्षणी तो माणूस तुमचं ऐकणं सोडून कोण कोण म्हणतं ते शोधायला लागतो आणि बाकीची माणसं विनाकारण अडचणीत येतात. बोलून झालं की गप्प बसा. शांतता जड वाटते म्हणून आपण लगेच "नाही म्हणजे तसं काही नाही हो" म्हणून सगळं धुऊन टाकतो, ते करू नका. त्यांना बोलू द्या. कदाचित असं काही कळेल जे तुम्हाला माहीतच नव्हतं, की रेट त्यांच्याकडेच उशिरा येतो, घरी आई आजारी आहे म्हणून दुपारी फोनवर असतात, किंवा तुम्ही एकदा सरांसमोर त्यांची चूक काढली होती ती मनात धरून बसलेत.

आणि वयाचा मान ठेवा. काकांना काकाच म्हणा, ताईंना ताईच, आवाज त्यांचा चढला तरी तुमचा चढू देऊ नका. याचा अर्थ माघार घ्यायची असा नाही, मुद्दा तोच ठेवायचा, सूर तेवढा खाली.

जे ठरलं ते कामाच्या पद्धतीत बसवा

नुसत्या बोलण्यावर राहिलं तर दहा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. म्हणून बोलणं झालं की त्याच दिवशी एक साधा मेसेज: "काका, आपलं ठरलं तसं रेट बारापर्यंत, मी क्वोटेशन दोनपर्यंत पाठवते, धन्यवाद." एवढंच. व्हॉट्सॲपचा मेसेज १५ मिनिटांच्या आत एडिट करता येतो आणि नंतर डिलीटही होतो, त्यामुळे पैशाचं किंवा पार्टीला दिलेल्या शब्दाचं जे काही असेल ते ईमेलवरच टाका. ऑफिसच्या ग्रुपवर मात्र कधीच भांडायचं नाही, तिथे फक्त कामाची माहिती.

मग त्या अडकणाऱ्या जागा एकेक करून मोकळ्या करा. ई-वे बिलाचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर आणि राज्याबाहेर ५० हजाराच्या वर माल गेला की साधारणपणे ते लागतंच, म्हणजे हे एका माणसाच्या मर्जीवर ठेवण्यासारखं काम नाही. ई-वे बिल पोर्टलवर मुख्य लॉगिनमधून सब-युजर बनवता येतात, प्रत्येकाचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. सरांकडे हीच मागणी करा, "काकांचा पासवर्ड मला द्या" अशी नको. टॅलीतही तेच, प्रत्येकाचं स्वतंत्र युजर नेम ठेवलं आणि एडिट लॉग (कोणी कधी काय बदललं त्याची नोंद) चालू असला की कोणी एंट्री बदलली यावर भांडायची गरजच पडत नाही. ऑफिस प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं असेल तर १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा बदलांचा माग असणं बंधनकारकच आहे, त्यामुळे हा विषय तुमच्या सीएकडूनही येऊ शकतो, आणि सीएने सांगितलं की कोणालाच ते अंगावर घेतल्यासारखं वाटत नाही.

पेटी कॅशला, म्हणजे किरकोळ रोख खर्चाला, व्हाउचर, आलेल्या-गेलेल्या कागदांना इनवर्ड-आउटवर्ड रजिस्टर, पार्टीची फोनवर आलेली ऑर्डर लगेच लिहून ग्रुपवर. जुनी साधी साधनं आहेत पण "मी दिलं होतं", "मला मिळालंच नाही" हा जो रोजचा कलह असतो तो याच कागदांनी मिटतो.

टोमणे आणि आरडाओरडा

इथे कामाची मांडणी बदलून भागत नाही, त्या क्षणी काहीतरी बोलावं लागतं आणि ते आधीच ठरवून ठेवलेलं असलं पाहिजे, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. टोमणा मारला की हसू नका आणि उलट टोमणाही मारू नका, शांतपणे विचारा, "म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला? कामात काही चुकलं असेल तर सांगा, मी दुरुस्त करते." टोमण्याचा अर्थ सगळ्यांसमोर फोडून सांगायची वेळ आली की बहुतेक माणसं "काही नाही, सहज म्हटलं" म्हणून मागे सरतात. दरवेळी हेच करा, न चुकता.

ओरडत असेल तर: "मी तुमचं ऐकते, पण असं ओरडून नको, दहा मिनिटांनी बोलू" आणि उठून पाणी प्यायला जा. नुसतं बसून ऐकत राहिलात तर त्याला ती सवय होते. पार्टीसमोर अपमान झाला तर पार्टीसमोर उत्तर देऊ नका, पार्टी गेली की त्याच दिवशी एकट्यात सांगा की पाहुण्यासमोर हे परत चालणार नाही.

बाहेर मात्र तोंड सांभाळा. नाशिक पसरत गेलंय पण धंद्याचं नाशिक लहानच आहे, आज ज्याच्याबद्दल तुम्ही व्हेंडरकडे बोललात तो उद्या सातपूरच्या एखाद्या कंपनीत परचेसला बसलेला असतो आणि तुमचंच क्वोटेशन त्याच्या टेबलावर जातं. मन मोकळं करायचं तर घरी, किंवा धंद्याशी संबंध नसलेल्या मैत्रिणीकडे. झोप उडाली असेल, सकाळी ऑफिसच्या नुसत्या विचाराने छातीत धडधडत असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

शेठकडे कधी आणि कसं जायचं

दोनदा बोलून झालं, लेखी ठरलं, तरी फरक नाही, मग जा. गाडीत बसता बसता, जेवताना असं नको, "सर, उद्या मला वीस मिनिटं हवीत, कामाच्या पद्धतीबद्दल बोलायचंय" म्हणून वेळ मागून घ्या.

शेठच्या जागेवरून विचार करा. त्याला दोघांतलं कोण बरोबर यात रस नसतो, त्याला माल वेळेवर जायला हवा असतो आणि जुना माणूस सोडून जायला नको असतो. त्यामुळे तक्रार घेऊन गेलात तर तो दोघांना एकत्र बोलावून "मिटवून टाका रे" म्हणेल आणि बाहेर आल्यावर परिस्थिती आधीपेक्षा वाईट असेल. तुम्ही वहीतल्या तीन घटना सांगा, त्यात धंद्याचं काय नुकसान झालं ते सांगा, तुम्ही स्वतः काय करून बघितलं ते सांगा, आणि मग एकच ठोस मागणी करा: "सर, सब-युजर लॉगिन द्या", किंवा "रेट थेट तुमच्याकडून येऊ द्या", किंवा "डिस्पॅच त्यांच्याकडे आणि बिलिंग माझ्याकडे असं एकदा सगळ्यांसमोर जाहीर करा". "त्यांना समजवा" ही मागणी करू नका, शेठ एकदा समजावतो आणि त्याचं काम तिथे संपतं.

आणि त्रास देणारा शेठचा भाचा किंवा मेहुणा असेल तर? मग स्वभावाबद्दल एक अक्षर नाही, घरच्या माणसाविरुद्ध ऐकून घ्यायची तयारी फार कमी जणांची असते. फक्त कामाची विभागणी मागा, लेखी मागा, आणि मनातून सहा महिन्यांची मुदत ठरवा. तेवढ्यात बदललं नाही तर दुसरीकडे बघायला लागा.

काही गोष्टी "पटत नाही" या खात्यातल्या नसतात

नको असलेला स्पर्श, घाणेरडे मेसेज, अंगावरून-कपड्यांवरून बोलणं, यासाठी वर सांगितलेली एकही पायरी पाळायची गरज नाही. २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लहान ऑफिसलाही लागू आहे, हे खूप जणींना माहीत नसतं. १० किंवा जास्त माणसं असतील तर ऑफिसात अंतर्गत समिती असायलाच हवी. १० पेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिची चौकशी नाशिकमध्ये सीबीएस बस स्टँडजवळच्या कलेक्टर ऑफिसात करा, नाहीतर महिला व बालविकास मंत्रालयाच्या शी-बॉक्स पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार टाका. तक्रार लेखी, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत, प्रकार परत परत घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून ३ महिने, आणि उशिराला योग्य कारण असेल तर समिती अजून ३ महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. टेम्पररी, कॉन्ट्रॅक्टवर, ट्रेनी, सगळ्या जणी यात येतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्याला उत्पन्नाची अट नाही.

अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांसमोर जातीवरून अपमानित केलं तर १९८९ चा अट्रॉसिटी कायदा आहे. मारहाण, धमकी असेल तर पोलिसांसाठी ११२ वर फोन. मेसेज, स्क्रीनशॉट, तारखा जपून ठेवा आणि त्याची एक कॉपी घरी.

सोडायचंच ठरलं तर

रागाच्या भरात राजीनामा देऊ नका, निदान एक हिशोब आधी करा. १० किंवा जास्त माणसांचं ऑफिस असेल आणि तुम्हाला कायम नोकरीत सलग ५ वर्षं व्हायला आली असतील तर ग्रॅच्युइटी बघा: शेवटचा महिन्याचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक-डीए १८,२०० असेल तर ५ वर्षांचे ५२,५०० होतात, दोन-तीन महिन्यांच्या घाईसाठी ते सोडायचे का हे तुम्हीच ठरवा.

हातात दुसरं लेटर आलं की मग राजीनामा ईमेलने, कारणात त्या माणसाचं नाव नको, नोटीस पिरियड पूर्ण करा. चालू ऑर्डर, येणं बाकी असलेली पेमेंट, कोणाकडे काय आहे याची यादी करून सरांना आणि त्या माणसालाही एकाच मेलमध्ये पाठवा, म्हणजे तुमच्यानंतर काही हरवलं तर ते तुमच्या नावावर फाडलं जाणार नाही. सॅलरी स्लिप, एक्सपीरियन्स लेटर शेवटच्या दिवसाआधीच मागून घ्या. पीएफ कापला जात असेल आणि ऑफिसने तुमची एक्झिट डेट टाकलीच नाही तर त्यांच्या मागे फिरत बसू नका, शेवटचा पीएफ जमा होऊन २ महिने झाले की पीएफच्या यूएएन (तुमचा पीएफ खाते क्रमांक) पोर्टलवर ती तुमची तुम्हालाच टाकता येते, आधार लिंक असलेला मोबाइल नंबर तेवढा चालू ठेवा.